साठीनंतर स्नायू टिकवायला काय घ्यावं: ताटातली प्रथिनं, व्हे पावडर की अश्वगंधा?

प्रोटीन आणि अश्वगंधा एकत्र असलेला डबा घ्यावा का, हा प्रश्न नंतरचा. आधी ताटातून रोज किती प्रथिनं पोटात जातात ते मोजा. सकाळी पोहे-चहा, दुपारी दोन पोळ्या, पातळ वरण-भात आणि भाजी, रात्री खिचडी, असं जेवण असेल तर दिवसाची बेरीज 30-35 ग्रॅमच्या आसपास थांबते. साठ किलोच्या ज्येष्ठ माणसाला 60 ते 72 ग्रॅम लागतात, म्हणजे किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. उतारवयात स्नायू थोड्याथोडक्या प्रथिनांना दाद देत नाहीत, म्हणून एका वेळच्या जेवणात 25 ग्रॅमच्या आसपास पडायला हवीत.

ताटातून हे जमतं. सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची धिरडी, एक अंडं आणि पेलाभर दूध मिळून 26 ग्रॅम होतात. दुपारी दोन पोळ्या, दोन वाट्या घट्ट उसळ आणि वाटीभर दही, रात्री एक भाकरी आणि 100 ग्रॅम पनीर. मासे किंवा चिकन खात असाल तर काम आणखी सोपं. अडचण येते ती भुकेची आणि दातांची. दोन वाट्या उसळ रोज खाववत नाही, गॅस होतो, आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा खिचडीवर येतो.

व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पूड, उपयोगी पडते ती इथे. चांगल्या पावडरच्या 30 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 22-24 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर. ज्या वेळचं जेवण सर्वांत हलकं, त्याला ती जोडा. उकळत्या दुधात टाकली तर गुठळ्या होतात, कोमट दुधात किंवा पाण्यात घुसळा. दूध पचत नसेल तर आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली व्हे, घ्या. माल्टचं चॉकलेटी पेय म्हणजे प्रोटीन पावडर नव्हे. डब्यामागे एका स्कूपमधली प्रथिनं आणि साखर वाचा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

आता अश्वगंधा. ज्या अभ्यासाचा दाखला सर्रास दिला जातो, तो 2015चा. त्यात 18 ते 50 वयाचे पुरुष आठ आठवडे वजनं उचलत होते आणि मुळाचा 300 मिग्रॅ अर्क दिवसातून दोनदा घेत होते. ताकद वाढली हे खरं, पण ती व्यायामासोबत आणि तरुण-मध्यमवयीन शरीरात. सत्तरीच्या, बसून राहणाऱ्या माणसाला तेच मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही. शतावरीवर रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये सहा आठवड्यांचा एक छोटा अभ्यास आहे. हाताची पकड सुधारली, मांडीची ताकद नाही. खुर्चीतून उठायला तर मांडीच लागते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: वनस्पती ही जोड, प्रथिनांना पर्याय नाही. कपभर दुधातून चूर्ण घेतलं तर प्रथिनं मिळतात ती दुधाची, फक्त पाच ग्रॅम. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर अश्वगंधा स्वतःहून सुरू करू नका. ती थायरॉईड हार्मोनचं प्रमाण वाढवू शकते, साखर आणि रक्तदाब आणखी उतरवू शकते, गुंगी वाढवू शकते. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. खाज, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले की लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा. यकृताचा आजार आधीपासून असेल तर घेऊच नका.

एकत्र डबा आम्ही टाळू. त्यात दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं बदलता येत नाही, आणि त्रास झाला तर कशामुळे ते कळत नाही. आधी चार आठवडे प्रथिनं आणि एक दिवसाआड खुर्चीतून उठबस, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. हात न टेकता पाच वेळा उठा-बसायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. वयानुसार स्नायू झिजण्याच्या आशियाई निकषांनुसार 12 किंवा जास्त सेकंद लागले तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. मग हवी तर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, फक्त मुळापासून बनवलेली अश्वगंधा आठ आठवडे घ्या. सेकंद कमी झाले नाहीत तर ते पैसे अंडी आणि पनीरवर घाला.