रीपर, दीडेक वर्षानंतर: बाकी सगळं ठीक, पण त्या पीक फायली!

रीपर म्हणजे संगणकावर आवाज रेकॉर्ड करून त्यावर काम करायचं सॉफ्टवेअर. त्यात किती ट्रॅक चालतात, कोणते प्लगइन येतात, हे मी सांगत बसत नाही. ज्याला घ्यायचंय त्याने ते आधीच वाचलेलं असतं. मी इंदुरात गाण्याच्या शिकवण्या घेते. मला हे दोनच कामांना लागतं: तानपुऱ्यावर बंदिश म्हणून विद्यार्थ्यांना पाठवायची आणि बाबांच्या कॅसेटा संगणकात उतरवून घ्यायच्या. लॅपटॉप जुना आहे, रॅम आठ जीबी, आणि चालतोय तोवर नवा घेणार नाही.

लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, मुहूर्त लागला तो गेल्या महिन्यात. लॅपटॉपवर कसलंसं अपडेट आलं आणि रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कट्-कट् आवाज यायला लागला. विलंबित ख्यालात तो काय कानाला लागतो, ते गाणाऱ्याला विचारा. जेलरोडवर एका दुकानात नेला. त्या भियाने झाकण उघडायच्या आधीच निकाल देऊन टाकला, "मैडम, मदरबोर्ड गया समझो. नया ही ले लो." नुसतं बघायचे तीनशे रुपये वर. मी म्हटलं, बघितलंत कुठे? त्यावरून चांगलीच जुंपली. शेवटी दीडशेवर मिटलं, पण ते दीडशे अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. पुण्याच्या भाच्याने फोनवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, घरगुती वापराला फुकट आहे. ते चालू करून दहा मिनिटं लॅपटॉप तसाच ठेवायचा, मग ड्रायव्हरच्या यादीत कोण सगळ्यात जास्त वेळ प्रोसेसर अडवून बसलंय ते दिसतं. माझ्याकडे ndis.sys... म्हणजे एनडीआयएस डॉट सिस अगदी वर, लाल अक्षरांत. तो नेटवर्कचा भाग. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद केलं की कट्-कट् गायब. भाच्याने आणखी दोन गोष्टी करून घेतल्या: पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर आणि यूएसबीचं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद. तुमचाही आवाज तुटत असेल तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं करून बघा.

बफरचंही, म्हणजे आवाज पुढे सोडण्याआधी लॅपटॉप एका वेळी जेवढा साठवतो त्या तुकड्याचंही, तेव्हाच कळलं. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ चा म्हणजे ११.६. जाता-येता दोन्हीकडचा धरा, वर ड्रायव्हरचा आपला वेगळा. कानात स्वतःचा आवाज ऐकत गायचं असेल तर २५६ ठेवा. कॅसेट उतरवताना उशिराचा प्रश्नच नाही, तिथे खुशाल १०२४ करा, जुना लॅपटॉप दुवा देईल.

आता माझं खरं गाऱ्हाणं. रीपरमध्ये तुम्ही कुठलीही ऑडिओ फाइल ओढून टाकली की तिच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, .रीपीक्स (इंग्रजीत .reapeaks) या शेपटीची एक फाइल येऊन बसते. यमन डॉट वेव्ह, तिच्या मागोमाग यमन डॉट वेव्ह डॉट रीपीक्स. पन्नास फायली टाकल्या तर पन्नास जोडीदार. पडद्यावर जी आवाजाची नक्षी दिसते तिची ही साठवण, हिलाच पीक फाइल म्हणतात, म्हणजे दरवेळी नव्याने काढायला नको. हेतू चांगला आहे. पण माझं फोल्डर आहे, मी रागांच्या क्रमाने लावलेलं आहे, त्यात न विचारता येऊन बसायचं काय कारण?

मी आख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून देते. एका काकांनी, वय वर्षे बहात्तर, निवृत्तीनंतर गाणं शिकतात, रात्री दहाला फोन केला: "ताई, अर्ध्या फायली उघडतच नाहीत, पेन ड्राइव्ह खराब दिलात." दुसऱ्या एकीने नेमक्या त्या नक्षीच्या फायलीच मोबाइलवर घेतल्या आणि मुळातल्या पुसून टाकल्या, जागा वाचावी म्हणून. त्या फायलीत आवाज नसतोच हो! तिला पुन्हा सगळं पाठवावं लागलं.

यावर उपाय आहे. प्रेफरन्सेसमध्ये, मीडियाच्या पानावर, नव्या पीक फायली 'पीक्स' नावाच्या उपफोल्डरात टाकायची खूण आहे. ती केली आणि मला वाटलं सुटले.

पहिले काही महिने माझं मत फारसं बरं नव्हतं, हेही सांगून टाकते. राखाडी पडदा, मुंगीएवढी अक्षरं, मेनूत मेनू. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे आणि डोळ्यांना सोसते. ऑडॅसिटीत २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्टही ऐकता ऐकता बदलता येतात, त्यामुळे ते जमत नाही हा जुना आक्षेपही राहिलेला नाही. मत फिरलं ते एका स्लायडरमुळे.

खाली प्ले बटणांच्या ओळीत 'रेट' असा एक स्लायडर आहे. त्यावर राइट क्लिक करून 'प्रिझर्व्ह पिच' वर खूण करायची आणि रेट ०.५ वर आणायचा. तान निम्म्या लयीत ऐकू येते, षड्ज जिथल्या तिथे. द्रुत तानेतला एक कण, म्हणजे ओझरता लागणारा स्वर, हातातून सुटत असेल तर विद्यार्थ्याला मी आता दहादा म्हणून दाखवत नाही, ०.६ वर लावून देते. कणस्वर मोजून घेता येतो. गळा वाचला, वेळ वाचला. एवढ्या एका गोष्टीवर मी वहीत एक तारा वाढवला.

रीपरमधल्या स्वर दुरुस्त करणाऱ्या 'रीट्यून'पासून मात्र चार हात लांब राहा. ते आपोआप दुरुस्तीवर ठेवलं की प्रत्येक स्वर पेटीच्या पट्टीवर नेऊन चिकटवतं. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंटने चढा असतो. अर्ध्या स्वराचे १०० सेंट, त्यातले १४. कान तयार असेल तर ते लगेच टोचतं. मींडेच्या तर पायऱ्या होतात. एका मुलीने हौसेने लावून पाठवलं होतं, मी तिला एवढंच लिहिलं की हे कोण गातंय?

कॅसेटांचं काम वेगळंच. देवास आमच्यापासून जेमतेम ३५-४० किलोमीटर, त्यामुळे तिथे राहणाऱ्या कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या, गाण्याच्या कॅसेटा इथे घरोघरी असायच्या, एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरवलेल्या. बाबांकडेही खोकंभर. यात सॉफ्टवेअरच्या आधी स्क्रूड्रायव्हर लागतो. डेकच्या हेडच्या बाजूला, स्प्रिंग असलेला, एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी पाव फेऱ्याइतका इकडे-तिकडे फिरवायचा आणि टाळ्यांकडे, तबल्याच्या चाटेकडे कान द्यायचा. एका जागी आवाजावरचं कांबळं निघाल्यासारखं होतं. तिथे थांबायचं. हे न करता नंतर कितीही ईक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची सोय) लावा, गेलेला नाद परत येत नाही.

मग वेग. आमचा डेक जोरात पळतो. वेग तीन टक्के जास्त झाला तर सूर ५१ सेंटने चढतो, म्हणजे पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळतो. फाइल निवडून एफ-२ दाबायचं, प्लेबॅक रेट ०.९७ करायचा आणि इथे उलट, 'प्रिझर्व्ह पिच'ची खूण काढायची. लय आणि सूर दोन्ही एकदम खाली येतात. भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की टेपवर विजेची घूं आली असेल तर ती ५० हर्ट्झ धरून वेग ठरवावा. आमच्या ह्यांनी, आयुष्य वीज मंडळात गेलं त्यांचं, ते ऐकून हसून घेतलं. म्हणे त्या काळी आपल्याकडची वीज पन्नासवर कुठे उभी राहायची, संध्याकाळी लोड वाढला की खाली जायची. तेव्हा मी पेटीवरूनच ठरवते.

टेपची सरसर काढायला रीपरमध्येच 'रीफर' आहे: मोड 'सबट्रॅक्ट', नुसती सरसर असलेला तुकडा ऐकवून नमुना घ्यायचा, नमुन्याची खूण काढायची, मग पूर्ण वाजवायचं. हलक्या हाताने वापरा. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, जिथे बोलते तिथेच सरसरही असते. जास्त ओढलं की जवारी मरते आणि पाण्याखालून गायल्यासारखं येतं. मी थोडी सरसर राहू देते.

घूं वरून आठवलं. माझ्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्येही ती होती, ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर. रीपरच्या ईक्यूत, म्हणजे रीईक्यूत, तिन्ही ठिकाणी अरुंद खाचा पाडल्या तर खर्ज पोकळ झाला. माझा षड्ज काळी चार, खर्जाची तार १०४ हर्ट्झवर, आणि शंभरची खाच तिलाच कुरतडत होती. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की घूं जायची. ह्यांनी सॉकेट उघडून पाहिलं, तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. मागच्या अंगणात खड्डा खणून पाइप, कोळसा, मीठ घालून अर्थिंग करून घेतलं. ईक्यू काढून टाकलं.

इथवर लिहून झालं आणि पीक फायलींचं प्रकरण पुन्हा उपटलं. त्या उपफोल्डराच्या खुणेने एवढंच झालं की प्रत्येक रागाच्या फोल्डरात एकेक 'पीक्स' फोल्डर जन्माला आलं. काकांचा परत फोन! म्हणून ही सुधारणा: ती खूण नको. प्रेफरन्सेस, जनरल, पाथ्स, तिथे सगळ्या पीक फायली वेगळ्या ठिकाणी ठेवायची सोय आहे. सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि ते तिथे द्या. जुन्या फायली मात्र आपोआप हलत नाहीत. एक्स्प्लोररमध्ये ताऱ्याची खूण, टिंब आणि रीपीक्स असं शोधून सगळ्या एकदम उडवा. काही बिघडत नाही, लागतील तशा रीपर नव्याने बनवतं. फक्त शोधताना शेपटी नीट वाचा, नाहीतर वेव्ह फायली जातील.

पैशांचं. साठ दिवस फुकट, नंतरही बंद पडत नाही, उघडताना 'विकत घ्या'ची खिडकी काही सेकंद तोंडासमोर धरतं एवढंच. गाणी वाजवायचा तो जुना विनॅम्प ज्याने बनवला त्या जस्टिन फ्रँकेलचंच हे सॉफ्टवेअर, माणूस दरडावत नाही, आठवण करून देतो. घरगुती आणि लहान धंद्याचं लायसन्स ६० डॉलर, मोठ्यांचं २२५. लहान धंद्याची मर्यादा वर्षाला २०,००० डॉलर मिळकत. शिकवण्यांतून एवढे मिळाले असते तर मी दीडशे रुपयांवरून भांडले असते का? साठ डॉलर म्हणजे पाच हजारांच्या वर, मीही बरेच महिने ती खिडकी सोसली. शेवटी घेतलं, कारण सातव्या आवृत्तीला घेतलेलं लायसन्स आठवी संपेपर्यंत चालतं, दरवर्षीचं भाडं नाही. आपलं साधं कार्ड परदेशी व्यवहाराला आधी चालू करून घ्यावं लागतं, बँकेच्या ॲपमधून होतं.

सध्या चार तारे. अक्षरं अजून बारीकच वाटतात. आणि एवढ्या खुणा लावून झाल्या की जनरलच्या पानावरून 'एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन' करून ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. मी ती भाच्याकडेही पाठवली आहे. त्याच्या लॅपटॉपवर त्या पीक फायलींचा नुसता बुजबुजाट आहे आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही.