एअरबॅगचा दिवा: आधी स्कॅनर की मल्टिमीटर?
एअरबॅगच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटल्याचा यू०१५१ हा कोड स्कॅनर, म्हणजे गाडीतील दोषांचे कोड वाचणारे यंत्र, क्षणात दाखवतो. मात्र दोष युनिटचा, फ्यूजचा की वायरिंगचा, हे त्यावरून ठरत नाही. तेथे विजेचा दाब, रोध मोजणारा मल्टिमीटरच कामी येतो. बॅटरीची जोडणी काढून, काही मिनिटे थांबून, ओबीडी सॉकेटच्या (ज्यात स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजावा. अनेक गाड्यांत सुमारे ६० ओहम आले तर कॅन वायरिंगचे (गाडीतील युनिटांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांचे) दोन्ही टर्मिनेटर, म्हणजे टोकांचे रोधक, जागेवर असतात, १२० आले तर एक तुटलेला असतो. ६० आले तरी युनिटकडे जाणारी वायर सुटलेली असू शकते, म्हणून युनिटकडे जाणारे वायरिंग, फ्यूज आणि अर्थिंग पाहावे. महागडे युनिट बदलण्याआधी मी मीटरच हाती घेईन. पण एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मीटरची टोके लावणे जिवावर बेतू शकते.