वाशीतलं एमआरआय सेंटर: खिरीतल्या शेवया आणि गारठलेले पाय

ठाण्याहून वाशीला एमआरआयसाठी कशाला जायचं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. घराजवळ सोनोग्राफी झालीच होती, 'नॉर्मल' शेरा मिळाला होता. पण स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर २०१२ साली बसवलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट (कृत्रिम स्तन) हल्ली चपटं वाटत होतं आणि ते काही मनातून जाईना.

चार ठिकाणी फोन केले. "ब्रेस्ट कॉइल (छातीच्या एमआरआयला लागणारं खास उपकरण) आहे का?" म्हटलं की तीन ठिकाणी पलीकडे शांतता. इथल्या मुलीने उलट मलाच विचारलं, इम्प्लांट सिलिकॉनचं की सलाइनचं? इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवलंय ना? तिथेच मी नंबर लावला. सलाइनचं फुटलं तर पाणी अंगात जिरतं, फुगा बसतो, आरशातच कळतं. सिलिकॉनचं जेल मात्र शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेल्या पडद्यात अडकून राहतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

टेबलावर पालथं झोपायचं, छाती दोन खळग्यांत सोडायची, हलायचं नाही. उशीचा वळ कपाळावर संध्याकाळपर्यंत होता. एसी इतका की पायांचा बर्फ. पांघरूण मागितल्यावरच मिळालं. टेक्निशियन ताई मात्र प्रत्येक धडधडीआधी "काकू, आता चार मिनिटांचा" असं सांगत होत्या. डायचं इंजेक्शन दिलं नाही. गाठ शोधायची असेल तर ते लागतं, नुसतं इम्प्लांट बघायला नाही.

पैसे वसूल झाले ते नंतर. रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी आत बोलावून स्क्रीन दाखवला. पांढऱ्या जेलमध्ये बारीक काळ्या, नागमोडी रेषा. "कवच फाटून आत तरंगतंय. याला लिंग्विनी साइन म्हणतात, ती इटालियन शेवयांसारखी असते." मला आपल्या खिरीतल्याच शेवया दिसल्या आणि भीतीतही हसू आलं. साधी घडी असती तर रेष कडेच्या कवचाला जोडलेली दिसली असती, या मधोमध सुट्या होत्या. जेल पडद्याबाहेर गेलेलं नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्येच सांगितलंय, सिलिकॉनचं इम्प्लांट असेल तर त्रास नसला तरी पाचव्या-सहाव्या वर्षी एमआरआय किंवा सोनोग्राफी करा, मग दर दोन-तीन वर्षांनी. मला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

एक स्टार रिपोर्टचा कापला. 'उद्या संध्याकाळी' म्हणाले, मिळाला तिसऱ्या दिवशी, तोही वय ५४ ऐवजी ४५ लिहून. दुरुस्त करून घेताना जरा जिवावर आलं.