जयपूर फूट: पाऊल उत्तम, सॉकेटची खात्री मात्र आपणच करून घ्यावी

कृत्रिम पायाची चौकशी करणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘जयपूर फूट बसवून घ्या’ असा, आणि सल्ला देणाऱ्याने तो पाय बहुधा जवळून पाहिलेलाही नसतो. माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. पाटण तालुक्यातील एका शाळेत मी शिकवते, घरची थोडी भातशेती आहे, आणि आधी ‘साच’ (SACH, म्हणजे घोटा न हलणारे, मऊ टाचेचे) प्रकारचे पाऊल असलेला पाय व नंतर जयपूर फूट असे दोन्ही मी रोजच्या वापरात ठेवलेले आहेत. हे परीक्षण त्यामुळे मुख्यतः गुडघ्याखालच्या पायापुरते आहे.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि तेथेच काम करणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास हे पाऊल घडवले. सेठींनी त्याचे पेटंट घेतले नाही. १९७५ साली देवेंद्र राज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते विनामूल्य बसवून देण्याचे काम हाती घेतले आणि पुढे ते अनेक देशांत पोहोचले. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांचे नाव मात्र आजही बहुतेकांना सांगावे लागते, याची मला खंत वाटते, कारण पावलाची मूळ घडण ही त्यांच्या हातची आहे.

त्या काळी उपलब्ध असलेले साच पाऊल अमेरिकेत १९५० च्या दशकात विकसित झाले. त्याच्या आत पुढच्या बाजूपर्यंत गेलेला एक ताठ गाभा असतो, टाचेत मऊ पाचर असते आणि घोट्याला हालचाल अशी नसतेच. टाच टेकली की पाचर दबते आणि पाऊल सपाट पडल्यासारखे होते, एवढीच त्याची करामत. बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्यासाठी ते पुरेसे आहे. मात्र पायाची जुळणी ठराविक उंचीच्या टाचेचा बूट गृहीत धरून केलेली असते, आणि तो बूट काढून अनवाणी उभे राहिले की नळीचा भाग मागे कलतो व गुडघा मागे रेटला जातो. ज्या घरात उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या असतात, स्वयंपाकघरात आणि देवघरात अनवाणी वावरायचे असते, तेथे ही अडचण दिवसातून कितीदा येत असेल याची कल्पना करावी.

जयपूर फुटाच्या आतील लाकूड फक्त घोट्याच्या जागी असते. टाच आणि चवडा सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे, त्यांना बांधून ठेवणारी टायरमधली दोरी, आणि या सगळ्यावर कातडीच्या रंगाचे रबर चढवून साच्यात तापवून केलेले एकसंध कवच, अशी त्याची रचना आहे. ताठ गाभा चवड्यापर्यंत गेलेला नसल्यामुळे पाऊल वर वाकते, आत-बाहेर कलते आणि थोडे पिळतेही. बोटांचा आकार दिलेला असतो आणि बूट घालण्याची सक्ती नसते. रबराला पाण्याचे भय नाही. लावणीच्या दिवसांत बांधावरून उतरताना, कलत्या जमिनीवर पाऊल स्वतःहून त्या उताराला बसते. साच पावलाच्या वेळी तो सगळा कल गुडघ्याला आणि कमरेला सोसावा लागे.

हे केवळ माझे मत नाही. १९९५ मध्ये ‘प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आर्य आणि सहकाऱ्यांनी साच, सिॲटल व जयपूर या तीन पावलांची तुलना प्रसिद्ध केली. चालताना जमीन पावलावर जे उलट बल देते ते मोजून ही तुलना केलेली होती. टाच टेकतानाचा धक्का शोषण्यात साच पाऊल सरस ठरले. चालणे अधिक नैसर्गिक होण्यात आणि खऱ्या पावलाच्या जवळ जाण्यात जयपूर फूट पुढे होते. अभ्यासात सहभागी झालेल्यांची संख्या फार लहान होती, त्यामुळे त्यावरून डंका पिटू नये; तरीही दोन्ही निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतात. डांबरी रस्त्यावर झपाझप चालताना जयपूर फुटाचा धक्का गुडघ्याच्या वाटीखाली खरोखरच जाणवतो.

आता उणिवा. धडधाकट माणूस चालतो तेव्हा पाऊल उचलण्याच्या अगदी आधी पोटरीचे स्नायू घोट्यातून जो रेटा देतात, तोच चालण्यातील शक्तीचा सर्वांत मोठा झटका असतो. कोणतेही मोटारविरहित पाऊल हा रेटा निर्माण करू शकत नाही. फार तर टाचेवर आणि चवड्यावर पडलेल्या भारातून साठवलेली थोडी ऊर्जा ते परत देते. कार्बन तंतूंची पाती असलेली महाग पावले हे काम चांगले करतात. जयपूर फूट मऊ असल्यामुळे वाकते भरपूर, पण परत फेकते कमी. परिणामी रेटा कमरेतून आणि मांडीतून काढावा लागतो, आणि शाळा सुटल्यावर चढ चढून घरी येताना हे अंगावर येते. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाला त्याच वेगाने चालण्यासाठी धडधाकट माणसापेक्षा जास्त ऊर्जा लागतेच. मधुमेहाने किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने पाय गेलेल्यांना तर आणखी जास्त. त्यात पाऊल जड असेल तर पायाच्या टोकाला लागलेले ते वजन पुढे फेकण्यासाठी दर पावलागणिक वेगळे कष्ट पडतात, आणि जयपूर फूट हलके नाही. झीजही लपत नाही: चवड्याच्या वाकण्याच्या रेषेवर रबराला भेगा पडू लागल्या की पाऊल बदलायची वेळ आली असे समजावे.

उकिडवे बसण्याबद्दल जाहिरातींमध्ये जेवढे सांगितले जाते तेवढे सरसकट खरे मानू नये. पाऊल वर वाकते हे बरोबर; पण पूर्ण उकिडवे बसताना सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचाची, मागची कड गुडघ्याच्या खळगीत रुतते, आणि ती कड किती खाली उतरवली आहे यावर सारे अवलंबून असते. मांडी घालून बसणे त्या मानाने सोपे आहे. पंगतीत मी जमिनीवर बसते, तासभर बसून भाजी निवडते; उकिडवे मात्र थोडाच वेळ, तेही एका हाताने आधार घेऊन.

येथे मूळ मुद्द्याकडे येते. लोक पावलाची चर्चा करतात, पण दिवसभर पाय अंगावर राहील की संध्याकाळी कोपऱ्यात उभा केला जाईल, हे ठरवते ते सॉकेट. पोटरीचा जो खुंट उरलेला असतो त्याचे टोक भार घेण्यासाठी नसते. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध आणि नडगीच्या वरच्या भागाच्या बाजू भार सोसू शकतात. नडगीचे कापलेले टोक आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारे लहान हाडाचे डोके अजिबात सोसत नाहीत. प्लास्टरचा साचा घेताना आणि तो घासून सुधारताना कुठे दाबायचे व कुठे मोकळीक ठेवायची हे ज्याला हाताने कळते, तोच खरा कारागीर. जयपूर पद्धतीत सॉकेट आणि नळी पूर्वी ॲल्युमिनियमची होती. नंतर उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा पाइप भट्टीत तापवून साच्यावर ओढण्याची रीत आली. हे झटपट होते, स्वस्त पडते, आणि एका दिवसात माणूस पाय घेऊन घरी जाऊ शकतो. लांबून आलेल्या, मजुरी बुडवून बसलेल्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. पण वेगाची किंमत असते. या पॉलिथिलीनच्या पायांचा प्रत्यक्ष वापर तपासणारे जे अभ्यास २००४ च्या आसपास प्रसिद्ध झाले, त्यांनी सॉकेटच्या बसणीतील उणिवांवर नेमके बोट ठेवले होते.

मला पाय एका शिबिरात मिळाला. त्याच दिवशी चालले, फोटोही निघाला. घरी आल्यावर काही दिवसांतच बाहेरच्या हाडाच्या डोक्यावर कातडी सोलवटली, आणि शिबिर तर केव्हाच उठून गेले होते. पुढे एका लहान कार्यशाळेतील तंत्रज्ञाने तो भाग तापवून बाहेर काढला, मागची कड घासून खाली आणली, आणि तेव्हापासून पाय अंगवळणी पडला. पाऊल तेच, नळी तीच; बदलली ती बोटाच्या रुंदीएवढी जागा. मधुमेहामुळे ज्यांच्या कातडीला संवेदना उरलेली नाही त्यांना असे सोलवटणे कळतही नाही, आणि म्हणून त्यांनी रोज रात्री हातात आरसा घेऊन खुंट पाहण्याची सवय लावून घेतलीच पाहिजे. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात खुंट आकसत जातो. सुरुवातीला घट्ट बसणारे सॉकेट ढिले होते, माणूस मोज्यांवर मोजे चढवत राहतो, आणि शेवटी खुंट आत इतका खाली जातो की टोकच टेकू लागते. त्या टप्प्याला नवे सॉकेट हाच उपाय असतो, दुरुस्ती नव्हे.

दुसरी गोष्ट चालण्याच्या सरावाची. पॅरलल बारमध्ये, म्हणजे हाताने धरायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, दोन फेऱ्या मारून हातात पाय देणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. कृत्रिम पायावर पूर्ण वजन टाकायला मन तयार होत नाही, म्हणून माणूस त्या पायावर कमी वेळ थांबतो, चांगला पाय घाईने पुढे टाकतो आणि धड एका बाजूला झुकवतो. ही ढब पक्की झाली की मोडणे अवघड. चांगल्या पायाच्या गुडघ्यावर वर्षानुवर्षे जादा भार पडत राहतो, आणि त्या गुडघ्याची झीज व कंबरदुखी ही पाय कापलेल्यांमध्ये नेहमी आढळणारी दुखणी आहेत. कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट करणे, गुडघा सरळ ठेवण्याचे व्यायाम, आरशासमोर दोन्ही पायांवर सारखे वजन टाकणे, उतारावर आणि पायऱ्यांवर वेगळा सराव, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. सुधा चंद्रन यांनी जयपूर फूट घालून पुन्हा नृत्य केले ही गोष्ट प्रत्येक शिबिरात सांगितली जाते. त्यामागे किती दिवसांची, किती वेदनेची तालीम होती हेही त्याच दमात सांगितले, तर ऐकणाऱ्याचा जास्त फायदा होईल.

गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांसाठी पावलापेक्षा गुडघ्याचा सांधा निर्णायक ठरतो. साधा एका आसाचा सांधा टाच टेकताना अचानक दुमडू शकतो. जयपूरची समिती आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी यांनी मिळून तयार केलेला चार दांड्यांचा गुडघा २००९ मध्ये प्रसिद्धीस आला. त्याचा फिरण्याचा बिंदू हालचालीबरोबर सरकतो, त्यामुळे भार असताना तो स्थिर राहतो आणि पाय पुढे टाकताना सहज वाकतो. पाय मागताना ‘गुडघा कोणता आहे’ हे अशा व्यक्तींनी आवर्जून विचारावे.

महाराष्ट्रातील वाचकांना जयपूरलाच गेले पाहिजे असे नाही. पुण्यात वानवडीला १९४४ साली सुरू झालेले सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. डॉक्टर, तंत्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट तेथे एकाच छताखाली भेटतात, आणि पहिलाच पाय घेणाऱ्याने अशा ठिकाणी जाणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

ज्याचे दिवस जमिनीवर, ओल्यात, शेतात आणि अनवाणी जातात, त्याने जयपूर फूटच घ्यावे; त्या कामासाठी त्याहून महाग पाऊल घेण्यात मला अर्थ दिसत नाही. शहरात दिवसभर बुटात वावरणारा, वेगाने चालणारा तरुण असेल आणि ऐपत असेल, तर त्याने कार्बनचे पाऊल पाहावे. दोघांनीही पाय ताब्यात घेण्यापूर्वी किमान अर्धा तास चालावे, मग सॉकेट काढून कातडी पाहावी. दहा मिनिटांत न मावळणारा लाल डाग गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर किंवा नडगीच्या टोकावर दिसला, तर तो पाय त्या दिवशी घरी नेऊ नये. सॉकेट तेथेच तापवून सुधारून मागावे, आणि पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्यावी.