जपानी ‘हाना योरी दांगो’ बघावी की कोरियन ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’?

योको कामिओच्या एकाच मांगावर (जपानी चित्रकथेवर) तैवानने 2001 मध्ये मालिका काढली, जपानने 2005 मध्ये, कोरियाने 2009 मध्ये. पुढे चीन आणि थायलंडही मागे राहिले नाहीत. गरीब मुलगी, बड्या बापांच्या पोरांची शाळा, चौघांची टोळी, त्यांनी लाल कार्ड दिलं की सगळ्या शाळेने त्या मुलाला छळायचं, ही कथा तुमच्या कानावर असेलच. पण सगळ्या बघायला सवड कुणाला आहे? माझ्या ओळखीतले लोक शेवटी या जपानी आणि कोरियन मालिकांपाशीच अडतात.

देखणेपणात कोरियन मालिका पुढे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिचा नायक ली मिन-होच्या कुरळ्या केसांची कितीही थट्टा करा, तो पडद्यावर आला की नजर तिकडेच जाते. पहिल्या डेटचा प्रसंग दोन्हीकडे आहे: नायक ताटकळत उभा, ती उशिरा येते आणि मग दोघं अडकतात. जपानमध्ये ते एका साध्या लिफ्टमध्ये अडकतात, तर कोरियात बर्फ पडत असताना, सोलमधल्या नामसान टेकडीच्या केबल कारमध्ये. कोरियन प्रसंग जास्त रोमँटिक आहे, पण मला लिफ्टच खरी वाटली. मात्सुमोतो जुनने केलेला जपानी नायक दोम्योजी म्हणी चुकीच्या वापरतो आणि त्यावर फुशारतो, तिथे तर मी त्याचे सगळे गुन्हे माफ केले.

नायकाची आई पैसे घेऊन नायिकेच्या घरी येते आणि नायिकेची आई तिच्या डोक्यावर मीठ ओतते, हा प्रसंग मात्र कोरियनमध्येच बघा. आपल्याकडच्या सासवांनाही घाम फुटेल.

माझं बिनसलं ते शेवटाकडे. कोरियन नायिका गम जान-दी जलतरणपटू आहे. सुरुवातीला पोहता न येणाऱ्या नायकाला, गु जुन-प्योला, तीच पाण्यातून बाहेर काढते. पुढे त्याला वाचवताना तिच्या खांद्याला मार बसतो, पोहणं सुटतं, आणि शेवटी त्याची गेलेली स्मृती परत यावी म्हणून ती स्वतःच तलावात उडी टाकते, म्हणजे तो येऊन वाचवेल! चक्र पूर्ण झालं म्हणून कुणाला हे आवडेलही. पण सुरुवातीलाच उडी मारून नायकाला लाथ घालणाऱ्या मुलीचा तोपर्यंत पार चेंदामेंदा झालेला असतो, आणि तो आपण तासातासाच्या 25 भागांत बघत बसतो. मला शेवटी शेवटी तिची दया यायला लागली, आणि प्रेमकथेत नायिकेची दया येणं काही बरं नाही.

जपानी मालिका धुतल्या तांदळासारखी आहे असं नव्हे. 2007 च्या दुसऱ्या सीझनमध्ये स्मृती तिथेही जातेच, बर्फात हरवणंही आहे. पण पहिला सीझन 9 भागांत आटोपतो आणि तिथेच थांबलात तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. शिवाय इनोए माओने केलेली नायिका माकिनो रडली तरी डोळे पुसून पुन्हा भांडायला उभी राहते. चित्रीकरण आता जरा जुनाट वाटतं, कपडे तर विचारूच नका. त्याचा त्रास होत असेल तर कदाचित माझं ऐकू नका.

ली मिन-होसाठीच बघायची असेल तर कोरियन जरूर लावा, पण मालिकेतली मकाऊची सफर आटोपली की एकदा विचार करा. तिथून पुढे अजून बरंच बाकी आहे.