मुक्ताईच्या चुलीवर लाल मिरच्या: संतकथांचा चित्रसंच, सात महिन्यांनंतर

चार पुस्तकांचा तो संच, दादरच्या प्रदर्शनात घासाघीस करून १२०० चा ११०० ला घेतला. कागद जाड, चित्रं मोठी वगैरे सगळ्यांनी लिहून झालंय, ते खरंच आहे, पुन्हा नको.

मला खटकली ती मिरची. विसोबा चाटी कुंभारांना दम देतो, मुक्ताईला खापर मिळत नाही, मग ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर ती मांडे भाजते, ती गोष्ट. चित्रात चुलीच्या वर लालभडक मिरच्यांची माळ! अहो, मिरची मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. वास्को द गामाच कालिकतला उतरला १४९८ मध्ये, आणि ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. पाठीवर मांडे भाजले हे मी गुपचूप मानतो, पण मिरची नाही म्हणजे नाही, बायको म्हणते डोकं तपासून घे. पुढे दामाजीपंत दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना खुलं करतात तर तिथे मक्याची कणसं, तीही अमेरिकेतलीच. दोन स्टार द्यायचे ठरवूनच टाकले होते.

त्यात जुलैत घरात ओल आली आणि गम सुटला, नेमकं चांगदेव वाघावरून येतात आणि ही भावंडं भिंतीवर बसून सामोरी जातात ते डबल पान हातात आलं. प्रकाशकाला फोन केला तर आधी फोटो पाठवा, मग म्हणे नीट वापरा, मग म्हणे बदलून देऊ पण कुरियर तुमच्या खर्चाने. २७५ चं पुस्तक आणि १८० चं कुरियर! करी रोड स्टेशनबाहेर ५० रुपयात स्पायरल मारून घेतलं, वाघाच्या पाठीतून भोकं गेलीत पण पानं टिकली.

आता मत बदलायला लागतंय. माझी चिडचिड ऐकून लेकीने विचारलं, मग तिखट कशाने करायचे? मिरीने, म्हटलं. तेव्हापासून रोज ताटावर सुरू, बाबा हे होतं का तेव्हा? ज्वारी होती, वांगं होतं, बटाटा नाही, टोमॅटो नाही. परवा वडापाव खाताना हिशोब केला तर पाव गेला, बटाटा गेला, मिरची गेली, उरलं बेसन, हळद आणि लसूण. एवढं तर शाळेतल्या पुस्तकाने पण विचारायला लावलं नव्हतं, म्हणून साडेतीन स्टार, अर्धा गमचा कापला.

काल पान उघडलं तर मिरच्या गायब. माझा अख्खा व्हाइटनर संपवून तिने त्या माळेचा लसूण करून ठेवलाय.