ब्रेक ब्लीडिंग किट: लिव्हर मऊ पडला असेल तरच घ्या

पावसाळाभर चिखलात फिरलेल्या माझ्या ड्युअल स्पोर्ट (रस्ता आणि ऑफरोड दोन्हीला चालणाऱ्या) बाइकचा पुढचा ब्रेक लिव्हर पार ग्रिपला टेकायला लागला होता, अशा ब्रेकवर ताम्हिणी उतरायची म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ब्रेक ब्लीडिंगचं, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा बाहेर काढायचं, हे ऑनलाइन मिळणारं साधं किट मागवलं. मोठी सिरिंज, पारदर्शक नळ्या, वन-वे व्हॉल्व्ह आणि एक पाना, बस. पैसे वसूल आहेत, पण आधी ब्रेकला नेमकं झालंय काय ते ओळखा, किटला नावं ठेवणारे बरेच जण भलत्याच दुखण्यावर हे वापरून बघतात असं मला वाटतं.

लिव्हर मऊ लागतो आणि तीनचारदा पंप केल्यावर कडक होतो, तर बहुतेक लाइनमध्ये (ब्रेक ऑइलच्या नळीत) हवा शिरलीय, हे किट त्यासाठीच आहे. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड बघा, ऑफरोडला चिखलाने फोर्क सील (पुढच्या शॉकअपमधलं तेल अडवणारं रबर) जातं, तेल ओघळत खाली कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर) येतं आणि पॅड ते पिऊन बसतात. असे पॅड घासून किंवा भाजून वापरू नका प्लीज, आधी सील बदला, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि पॅड नवीनच टाका. तिसरा प्रकार म्हणजे लिव्हर दाबून धरला की हळूहळू आत सरकत जातो आणि बाहेर गळती कुठेच दिसत नाही, तिथे मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळच्या, ऑइलला दाब देणाऱ्या भागाचं) सील गेलेलं असतं, कितीही ब्लीड करा, परत तेच.

आता किटबद्दल. सोबतचा पाना वापरू नका, कॅलिपरच्या निपलला (ऑइल आणि हवा काढायचा छोटा स्क्रू, बऱ्याच गाड्यांना ८ चा पाना लागतो) चांगला रिंग पाना लावा, निपलचे कोपरे एकदा गोल झाले की मग कॅलिपर घेऊन मेकॅनिककडे पळावं लागतं. जुनं ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर आधी ते नेहमीसारखं वरून खाली काढून टाका, नाहीतर सिरिंजने खालून रेटताना सगळी घाण वर जाते. मग नवीन ऑइल खालून हळूहळू ढकला, हवा मुळातच वर चढते त्यामुळे बुडबुडे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत पटापट येतात, फक्त टाकी ओसंडू देऊ नका, पेंटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. व्हॅक्यूम पंपवाल्या महाग किटपेक्षा मला हेच जास्त आवडलं, कारण पंपाने ओढताना निपलच्या आट्यांमधूनही हवा येते आणि बुडबुडे संपतच नाहीत.

ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलंय तेच घ्या, बहुतेक गाड्यांना डॉट ४ (ही ब्रेक ऑइलची ग्रेड). सीलबंद नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीला उकळतं, ओलावा शोषल्यावर मात्र १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, लांब घाट उतरताना ब्रेक अचानक गायब होतो तो बऱ्याचदा यामुळेच. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलाच, आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही मिसळू नका.

किट वापरल्यावर माझा लिव्हर परत वरच कडक लागतोय आणि पुढच्या चाकाला पहिल्यासारखा चावा आलाय. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या) युनिटच्या आत हवा अडकली असेल तर मात्र स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरलाच जा. पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण नळी निपलवर सैल बसते, वरून झिप टाय आवळावा लागतो.